शिंपलीचा केक

त्या केकमध्ये अंडं आहे हे मला माहीत होतं. ज्या पदार्थांची कुणाला बाधा होऊ शकते ते इथे पाकिटाच्या मागे ठळक अक्षरांत छापतात, तसं तेही छापलेलं होतं. मी ते वाचलं, मान वर केली आणि टेबलापलीकडे बसलेल्या आईला सांगितलं, "नाही. यात अंडं नाही." हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलीला नाही, पुण्यातल्या ताईला तर नाहीच. आणि ते खोटं बोलताना मला बरं वाटलं होतं, हे तर स्वतःशीसुद्धा आज पहिल्यांदाच कबूल करतोय.

आजच का, तर जून आलाय. नेदरलँड्समधल्या आइंडहोवनच्या कडेच्या आमच्या गल्लीत झेंडे लागलेत. इथे मुलगा किंवा मुलगी शाळेच्या शेवटच्या परीक्षेत पास झाली की घरावर राष्ट्रध्वज लावतात आणि काठीच्या टोकाला त्या पोराचं जुनं दप्तर लटकवतात. वाऱ्यावर झेंडा फडफडतो आणि त्याच्या डोक्यावर ते रिकामं दप्तर हेलकावे खात राहतं. सकाळी सायकलवरून ऑफिसला जाताना सात दप्तरं मोजली. पॉप्लरच्या झाडांचा कापूस रस्त्याच्या कडेला साचलाय, लिंडेनचा गोडसर वास सुटलाय, आणि निम्मं गाव परागकणांनी शिंकतंय. सगळं अगदी त्या वर्षीसारखं. मी मान खाली घालून पायडल मारत राहिलो.

दुसरं कारण म्हणजे उइटहॉर्नहून आलेला एक फोन. इथल्या आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाचं काम ज्या बाई बघतात, त्यांचा. दिवाळीला चार महिने असतानाच त्यांना साहित्याची घाई होते.

"दादा, यंदाचा विषय आहे चव आणि आठवण. तुम्ही काहीतरी हळवं द्या ना. ती मादलेन असते बघा, फ्रेंच, शिंपल्याच्या आकाराची? ती चहात बुडवली की आख्खं बालपण परत येतं म्हणतात. तसं काहीतरी."

"आणि बालपण परत यायला नको असेल तर?"

"अय्या, तुम्ही पण ना!" असं म्हणून त्या हसल्या आणि शब्दमर्यादा सांगून मोकळ्या झाल्या.

हळवं मला जमत नाही. त्या केकबद्दल जे काही हळवं बोललं जातं त्याचा मला तिटकारा आहे, हे आधीच सांगतो, म्हणजे पुढे अपेक्षाभंग नको. मैदा, साखर, लोणी आणि अंडी. एका बाजूला खवले-खवले, दुसऱ्या बाजूला टेंगूळ. सुपरमार्केटमधलं पाकीट उघडलं की आधी स्पिरिटसारखा वास येतो, मग लिंबाचा, तोही साल किसून घातलेल्या लिंबाचा नाही, फरशी पुसायच्या लिंबाचा. बोटांना तुपकट थर चिकटतो. हे प्रकरण चहात बुडवून लोकांना म्हणे गतकाळ दिसतो. मला त्यात विरघळलेला मैदा दिसतो.

आणि आम्ही परदेशातले लोक तर आठवणींचे किरकोळ दुकानदार. आम्स्टेलव्हेनला कुणाकडे जेवायला जा, पहिल्या घासाला कुणीतरी डोळे मिटतं आणि म्हणतं, "अगदी माझ्या आजीच्या हातची चव!" वीस वर्षं ऐकतोय. प्रत्येकाची आजी सुगरण. एकाचीही आजी आमटी खारट करत नव्हती, एकाच्याही आईच्या पोळ्या वातड होत नव्हत्या. सोयीचं तेवढं आठवायचं, त्यावर तूप सोडायचं आणि एकमेकांना वाढायचं. माझ्याकडे वाढायला जे आहे ते कुणी दुसऱ्यांदा मागून घेणार नाही.

*

आई आमच्याकडे आली ती सानिकाच्या परीक्षेच्या वर्षी, एप्रिलच्या शेवटी, तीन महिन्यांच्या व्हिसावर. सानिका, म्हणजे सानू, आमची एकुलती एक. केतकीची, माझ्या बायकोची, नोकरी रायस्वाइकला. रोजचा चार तासांचा ट्रेनचा प्रवास. पोरीच्या परीक्षेच्या दिवसांत घरी कुणी हवं म्हणून आईला बोलावलं. अशी माझी आवृत्ती. आई सगळ्यांना सांगायची, "नातीच्या परीक्षेला चाललेय," जणू पेपर तीच देणार होती.

मे महिन्यातला इथला उजेड तिला कधीच झेपला नाही. सात वाजले की ती दिवा लावायला उठायची आणि खिडकीबाहेर लख्ख ऊन. "अरे मिलिंद, अंधारच नाही तर दिवा लावायचा कशासाठी?" तरी लावायची. स्वयंपाकघरातल्या फळीवर गणपती, बाळकृष्ण आणि अन्नपूर्णा मांडलेली, त्यांच्यापुढे निरांजन, आणि ज्योत दिसतच नसे इतका उजेड. मागच्या अंगणात पांढऱ्या प्लास्टिकच्या खुर्चीवर शाल गुंडाळून बसलेली ती मला अजून दिसते. पलीकडे हेंक, आमचा सत्तरीचा शेजारी, कुंपणावरून तिला स्ट्रॉबेऱ्यांचा द्रोण द्यायचा. ती त्याला मराठीत विचारायची, "गोड आहेत का?" तो डचमध्ये काहीतरी सांगायचा. दोघांचं छान जमलं होतं.

जमत नव्हतं ते माझं. कारण अंडं.

आईनं अंडं सोडलेलं होतं. आमच्याकडे मटण-मासे नव्हते, पण अंडी असायची, दर रविवारी, आणि त्यांची सगळ्यांत जास्त आवड होती आईलाच. कांदा बारीक चिरून, भरपूर कोथिंबीर घालून केलेलं तिचं ऑम्लेट ती स्वतः शेवटी खायची, उभ्यानं, ओट्यापाशी, तव्यावरूनच. मी बारावीला होतो. केमिस्ट्रीचा पेपर वाईट गेला आणि मी दोन दिवस जेवलो नाही. तिसऱ्या दिवशी तिनं गणपतीपुढे उभं राहून सांगितलं, पोराला इंजिनिअरिंगला घे, मी जन्मभर अंडं खाणार नाही. मला पुण्यात चांगल्या कॉलेजात प्रवेश मिळाला. तिनं शब्द पाळला. त्यानंतर केक आला की ती विचारायची, बिस्किट आलं की विचारायची, लग्नात आइस्क्रीम आलं तरी वाढप्याला विचारायची.

यात वाईट काय? काहीच नाही. वाईट होतो तो मी. पेढे वाटायच्या दिवशी आत्या सगळ्यांसमोर म्हणाली, "मार्क तुझे रे बाबा, पण पुण्याई आईची!" सगळे हसले. मीही हसलो. आणि आतल्या आत इतका चिडलो की तो राग मला तीस वर्षं पुरला. मी रात्रंदिवस घासली होती. केमिस्ट्रीत मार्क कमी पडले ते मी गणितात भरून काढले होते. आणि श्रेय कुणाला, तर न खाल्लेल्या ऑम्लेटला! पुढे नोकरी लागली, परदेश मिळाला, घर झालं, आणि दर खेपेला कुणीतरी आईकडे बघून मान डोलवायचं. तिनं स्वतः हे कधी बोलून दाखवलं नाही. ती फक्त विचारायची, "यात अंडं नाही ना रे?" आणि मला तेवढंच पुरायचं. तो प्रश्न म्हणजे मला दर वेळी दाखवलेली पावती वाटायची.

माझा धंदा चुका मोजायचा. चिपा ज्या यंत्रांवर बनतात त्यांत एखादा आरसा किती हललाय हे आम्ही शोधतो. ती हालचाल इतकी बारीक असते की केसाशी तुलना केली तर केस म्हणजे हमरस्ता. दिवसभर असलं काम करून आलेल्या माणसाला सुपरमार्केटच्या रांगेत उभं राहून प्रत्येक पावाच्या पाठीवरचं वाचून दाखवायचं आणि सगळं परत फळीवर ठेवायचं, याचा कंटाळा आला, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत होतो. दोन आठवडे मी वाचून दाखवलं होतं. कंटाळा आलाच होता. पण कंटाळ्यानं माणूस चिडतो, खोटं बोलताना त्याला गार वाटत नाही.

मला गार वाटलं.

*

मे महिन्यातला दुसरा शनिवार. केतकी भाजी आणायला गेलेली, सानू वर अभ्यासाला. मी चहा केला आणि ते पाकीट टेबलावर ठेवलं. आईनं आतला एक केक हातात घेऊन उलटासुलटा केला. अंगठा खवल्यांवरून फिरवला.

"शिंपली! किती गोड दिसतेय रे. बघ ना, अंडं आहे का?"

मी वाचलं. आणि म्हणालो ते वर सांगितलंच आहे.

तिनं चहात बुडवायच्या आधी विचारलं, "बुडवू का? इथं चालतं असं?" मी म्हटलं, "इथं असंच खातात." ते तेवढं खरं होतं. तिनं केक मधोमध मोडला, अर्धा माझ्या बशीत ठेवला, अर्धा बुडवला आणि तोंडात घातला. मी तिच्या जबड्याकडे बघत होतो. काय वाटत होतं सांगू? वाटत होतं, बघ. तीस वर्षांचा नवस मोडला आणि छत जागच्या जागी आहे. हेंक गवत कापतोय. माझी नोकरी आहे, माझं घर आहे, ते माझं आहे. काही झालं नाही, आई.

तिनं डोळे बारीक केले. "थांब हं. ही चव मला माहितेय." पुन्हा एक तुकडा. "मिरजेला आमच्या शेजारी रोझीबाई होत्या. नाताळात केक द्यायच्या. पातेल्यात वाळू घालून त्यावर डबा ठेवून भाजायच्या, मी मदतीला जायची, अंडी फेटायचं काम माझं. दंड भरून यायचे. अगदी तीच चव." मग थांबली. माझ्याकडे पाहिलं. "अरे, नक्की ना रे? रोझीबाईंच्या केकसारखं लागतंय, म्हणून विचारते."

"लोणी असतं, आई. फ्रेंच लोणी. त्याचाच वास."

"असेल बाई," ती म्हणाली आणि निश्चिंत झाली.

मंडळाच्या बाईंना हवी होती ती गोष्ट ही. चहात बुडवलेला तो केक खरंच पन्नास वर्षं ओलांडून गेला होता. जिभेनं आईला अचूक खबर दिली होती: यात अंडं आहे, तू स्वतः फेटायचीस तसलंच. तिची जीभ आणि तिचा मुलगा यांच्यात तिनं मुलावर विश्वास ठेवला. आठवणीची महती गाणाऱ्यांनी याचं काय करायचं ते त्यांचं त्यांनी ठरवावं.

त्यानंतर रोज चार वाजता केक. मी पाकिटं आणायचो, केक स्टीलच्या डब्यात भरायचो आणि पाकीट प्लास्टिकच्या कचऱ्याच्या पिशवीत तळाशी दाबायचो, दुधाच्या रिकाम्या पुठ्ठ्याखाली. केतकीनं विचारलं, "आईंना चालतात हे?" म्हटलं, "एगलेस आहेत. ऑफिसजवळच्या दुकानातून आणतो." सानूनं विचारलंच नाही, ती पुस्तकात गळ्यापर्यंत बुडालेली. किती व्यवस्थितपणा! ऑफिसात एवढा व्यवस्थितपणा दाखवला असता तर आज वरच्या मजल्यावर बसलो असतो.

आणि आई अर्धा मला द्यायची. रोज. अख्खा कधी खाल्ला नाही. एक दिवस बघितलं तर फळीवर बाळकृष्णापुढे चांदीच्या वाटीत एक शिंपली. "त्यालाही लोणी आवडतं," आई म्हणाली. मी काही बोललो नाही. बोलायला ती जागा चांगली होती, अशा चांगल्या जागा मला त्या तीन महिन्यांत पुष्कळ मिळाल्या.

*

सानूचं गणित कच्चं होतं. मी शिकवायचो. शिकवायचो म्हणजे शेजारी बसून सुस्कारे टाकायचो. "एवढं साधं? हे तर आम्ही नववीत करायचो." ती माझं मराठी सगळं समजते आणि उत्तर डचमध्ये देते. "लाट मार, बाबा," म्हणजे राहू दे. एकदा आई दारात येऊन उभी राहिली. "अरे, तू बोलतोस त्यानं तिला गणित येणार आहे का?" मी म्हटलं, "मग काय सोडायचं, आई? आता काय सोडतेस?" ती हसली. तिला तो टोमणा वाटलाच नाही. म्हणाली, "माझ्याकडे सोडण्यासारखं काही उरलंय का रे? चहा आहे. चहा सोडला तर मी मरेन."

निकालाचा दिवस. सानूच्या शाळेची रीत अशी की दुपारी एक ते तीन घरी थांबायचं. वर्गशिक्षिकेचा फोन आला तर नापास. तीन वाजेपर्यंत फोन वाजला नाही तर पास. आईला हे काही केल्या पटेना. आयुष्यभर चांगली बातमी फोननं येते हे बघितलेली बाई. "अगं, पण फोन येऊ नये म्हणून देवाला काय म्हणायचं? कुणाचा आवाज बंद कर म्हणायचं?" सानूसुद्धा हसली. केतकीनं सुट्टी घेतली होती. टेबलाच्या मधोमध सानूचा फोन उताणा पडलेला. फळीवर निरांजन आणि वाटीत तीन शिंपल्या.

तीनला वीस मिनिटं कमी असताना फोन वाजला.

मी सरळ सांगतो. तो फोन वाजला तेव्हा मला आधी गणित आठवलं नाही. माझे सुस्कारे आठवले नाहीत. सानूचा चेहराही मी नंतर पाहिला. मी पहिल्यांदा पाहिलं ते चांदीच्या वाटीकडे. तीस वर्षं ज्या गोष्टीला हसलो, आरशांच्या हालचाली मोजणारा मी, माझी पहिली नजर तिकडे गेली. मी मानत नाही. आजही मानत नाही. पण मान वळली ती वळली, आणि ती वळलेली मला माहीत आहे. स्वतःच्या नजरेत इतका तुच्छ मी त्याआधी कधी झालो नव्हतो: ना धड विश्वास ठेवणारा, ना धड न ठेवणारा.

गणितात गेली होती. एका विषयाची फेरपरीक्षा आठवड्याभरात होती, त्यात निघाली तर पास. शिक्षिका फोनवर चांगलं बोलल्या असाव्यात, कारण सानू "या, या", म्हणजे हो, हो, करत राहिली, मग जिना चढून वर गेली. केतकी तिच्यामागे. खाली मी आणि आई.

आई ओट्याला टेकून उभी होती. अगदी तव्यावरचं ऑम्लेट खाताना उभी राहायची तशी.

"मिलिंद, खरं सांग. माझ्या पोटात काही गेलं का रे?"

"म्हणजे?"

"इथं मला काही वाचता येत नाही. तू सांगतोस ते मी खाते. चुकून, तुझ्याही नकळत, काही गेलं असेल. पाव, बिस्किट, काहीतरी. माझ्याकडून मोडलं असेल म्हणून विचारते. पोरीला उगाच..." 

सांगायचं होतं. एका वाक्याचं काम होतं. आई, गेलं, मी घातलं, तुझी काही चूक नाही, आणि पोरीच्या गणिताचा त्याच्याशी संबंध नाही. तिला मी नीट शिकवलं नाही म्हणून ती गेली. ही सगळी वाक्यं मी तोंडात जुळवली होती. तिला एवढंच हवं होतं की चूक कुठे झाली ते कळावं. चूक मोजणारा माणूस समोर उभा होता. आणि मी म्हणालो, "काही गेलेलं नाही. तू उगाच डोक्यात काही घेऊ नकोस."

ती ओट्यापासून बाजूला झाली. मग डब्याकडे गेली, झाकण उघडून आत पाहिलं आणि परत लावलं.

"मग हेच सोडते. मला सगळ्यांत आवडतं ते हेच. न आवडणारं सोडून काय उपयोग?"

तिनं फळीपुढे हात जोडले. मी शेजारी उभा होतो. ज्या केकनं तिचा नवस मोडला होता, तोच केक ती नव्या नवसात घालत होती, आणि हे त्या घरात एकट्या मला दिसत होतं.

*

सानू फेरपरीक्षेत पास झाली. तो आठवडा तिला केतकीनं शिकवलं, ट्रेनमधून फोनवर आणि घरी आल्यावर जेवणाच्या टेबलावर. मी आवाज न करता चहा नेऊन द्यायचो. जुलैच्या सुरुवातीला, गल्लीतली बाकीची दप्तरं उतरल्यावर, आमचं चढलं. काठी हेंकनं दिली. शिडीवर चढलेल्या हेंकला आई खालून मराठीत सूचना देत होती, "डावीकडे घ्या, डावीकडे!" आणि तो बरोबर डावीकडे घेत होता. दप्तर वर चढवायच्या आधी तिनं त्याला हळदकुंकू वाहिलं. वर गेल्यावर म्हणाली, "बिचाऱ्या दप्तराला फाशी दिल्यासारखं वाटतंय." सानू खो खो हसली आणि तिच्या गळ्यात पडली.

"आजी, तू माझ्यासाठी केक सोडलास?"

"मार्क तुझे गं बाई," आई म्हणाली. "मी आपला केक सोडला."

मी सानूकडे पाहत होतो. आत्याचंच वाक्य, जवळजवळ तसंच. मला वाटलं, आता हिचा चेहरा उतरेल, हिलाही ते टोचेल. सानूचे डोळे भरून आले. "दॅट्स सो स्वीट, आजी." आजही ती मैत्रिणींना सांगते, माझ्या आजीनं माझ्या परीक्षेसाठी मादलेन सोडली, आणि त्या डच पोरी हरखून जातात. तिच्याकडून काहीही काढून घेतलं गेलं नव्हतं. कुणीतरी आपल्यासाठी उपाशी राहिलं, एवढं साधं तिला कळलं. मला ते अठराव्या वर्षी कळलं नाही, आणि पुढची तीस वर्षं मी त्या न कळण्यालाच स्वाभिमान म्हणत होतो.

आई परत गेली. विमानतळावर तिच्या पिशवीत पाकिटं कोंबायला केतकी धावली तर म्हणाली, "नको गं, माझं सुटलंय ते." डब्यात उरलेले केक मी एकट्यानं संपवले. अख्खे.

*

दोन वर्षांनी ती विसरायला लागली. आधी गॅस, मग वार, मग माणसं. आता ती ताईकडे असते. व्हिडिओवर कधी मला ओळखते, कधी ताईला विचारते, "हे कोण साहेब?" इथल्या मित्रांना सांगितलं की ते समजूत घालतात आणि लगेच उपाय सुचवतात: ओळखीचे वास द्या, ओळखीच्या चवी द्या, आठवणी जाग्या होतात. पुन्हा तेच दुकान.

आणि मीही गेलोच त्या दुकानात. हे लिहिताना स्वतःचीच शिसारी येते. गेल्या हिवाळ्यात पुण्याला जाताना मी मादलेन घेऊन गेलो. पाकिटातले नव्हे, गावातल्या एका चांगल्या बेकरीतले, कडा कुरकुरीत, खऱ्या लिंबाचे. काय वाटलं होतं मला? की ती एक घास घेईल, डोळे बारीक करेल आणि म्हणेल, मिलिंद? ताईनं चहा केला. मी फोन हातात घेऊन तयार. तेवढा क्षण टिपायला हवा ना.

आईनं केक हातात घेतला. अंगठा खवल्यांवरून फिरवला.

"शिंपली," ती म्हणाली.

ताईच्या तोंडून "अगंबाई" निघालं. मी फोन तिच्या चेहऱ्याजवळ नेला. "खा ना, आई," ताई म्हणाली, "तुला आवडायचा ना हा?"

आईनं केक बशीत ठेवला आणि बशी थोडी पुढे सरकवली. "मी सोडलंय हे."

"कशासाठी गं?"

तिनं आठवायचा प्रयत्न केला. खरंच केला; कपाळावर आठ्या पडल्या. "ते नाही आठवत. पण सोडलंय. सोडलं की सोडलं." मग माझ्याकडे वळली. आतिथ्य तेवढं अजून शाबूत आहे. "तुम्ही घ्या. तुमचा काही नवस नाही ना?"

मी म्हटलं, "नाही."

"मग अख्खा घ्या."

मी घेतला. चहात बुडवून खाल्ला. मला कसलंही बालपण आठवलं नाही.

मुलगा गेला, नात गेली, हे घर, हा देश, ते ऊन, हेंकच्या स्ट्रॉबेऱ्या, सगळं तिच्यातून गेलं. राहिलं ते एवढंच, की हे आपण कुणासाठी तरी सोडलंय आणि ते मोडायचं नाही. आणि त्याच केकमधून मी तिचं आधीचं वचन मोडलेलं आहे. तिला ते माहीत नाही. तिच्या लेखी दोन्ही अजून अखंड आहेत.

आता सांगणं सोपं आहे. फोन लावायचा, सांगायचं, पाच मिनिटांत ती विसरणार. रडणार नाही, विचारणार नाही, ओट्याला टेकून उभी राहणार नाही. इतक्या स्वस्तात सुटण्याचा विचार मला गेले सहा महिने येतोय, आणि दर वेळी मी तो झटकतो. झटकणं हाही भित्रेपणाच, त्याला फक्त चांगले कपडे घातलेत. सांगितलं तरी ते उशिराचंच असेल. ती विचारत होती त्या दुपारी ते सांगायचं होतं.

मंडळाच्या बाईंना हा लेख पाठवतोय. छापायचा की नाही ते त्यांनी ठरवावं. केतकी आणि सानू तो वाचतील, हे मला माहीत आहे. पण त्यांना कळलं म्हणजे आईला सांगून झालं, असं होत नाही. आईला मी एक वाक्य देणं लागतो: त्यात अंडं होतं, मला ते माहीत होतं, आणि तू काही मोडलं नाहीस. ते मी तिला अजून सांगितलेलं नाही.